पाकिटामागचे मीठ

इंदुरात आम्हां मराठी घरांत शेवेवाचून पोहे होत नाहीत. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला तयार शेव, पापड, लोणचे, नूडल्स यांतले मीठ बाधते. त्याला दिवसाचे सोडियम साधारणपणे २००० मिलिग्रॅमच्या, म्हणजे ५ ग्रॅम मिठाच्या आत ठेवायला सांगतात. पाकिटावरचा सोडियमचा आकडा १०० ग्रॅमचा आहे का, ते पाहावे. घटकांत 'फॉस्फेट' किंवा ३३८, ४५१, ४५२ हे क्रमांक असतील तर पाकीट परत ठेवावे. 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे सारे पाकिटामागे मुंगीएवढ्या अक्षरांत असते. सोडियमचा आकडा पुढे, ठळक छापा, अशी मागणी आम्ही लावून धरू. तोवर घरच्या नातवंडांनी आजी-आजोबांना पाकीट वाचून दाखवावे, ही विनंती.