दाराला कुलूप, खिडकी उघडी



आपली वेबसाइट झाली तेव्हा सगळे कागद तिथे टाका, असं मीच म्हणालो होतो. लॉगिनही ठेवलं. मग एक दिवस एका सभासदाच्या मुलाचा पुण्याहून फोन, "काका, मी लॉगिन न करताच सभासद यादी उघडली." कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईलची लिंक टाकली होती. त्यावर बोट ठेवलं की मोबाईल नंबर, थकबाकी, सगळं समोर!

चूक अशी की लॉगिन पानाला होतं, फाईलला नव्हतं. फाईल उघड्या फोल्डरमध्येच पडलेली. आता ती सर्व्हरवर सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवली आहे. मध्ये पीएचपीची छोटी स्क्रिप्ट आहे. ती आधी सेशन तपासते, सभासद असला तरच फाईल वाचून पाठवते, नाहीतर लॉगिनच्या पानावर परत. सातबाऱ्याचं नाही का तसंच? नुसता पाहायला खातं लागत नाही, डिजिटल सहीचा हवा तर लॉगिन आणि 15 रुपये.

काहीजण म्हणाले, सगळंच बंद करा. ते मला पटत नाही. ताळेबंद आणि सभेचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क सभासदाला 1960 च्या सहकार कायद्यानेच दिलाय. कुलूप बाहेरच्यांसाठी आहे, बरं का. शेजाऱ्याची थकबाकी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला नको.

जी यादी बाहेर गेली, ती परत येणार नाही. आणि फ्लॅट विकून गेलेल्या दोघांचं लॉगिन अजून चालू आहे. ते या रविवारी बंद करतो.