किरकोळ कामाचा दर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात आपल्या एका सभासदाने केलेले भाषण. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कमिटी म्हणाली, "आप्पा, पंचवीस वर्षं तुम्ही सगळ्यांच्या घरात गेलात, दोन शब्द बोला." खरं आहे. तुमच्या बैठकीच्या खोल्या मला फारशा ठाऊक नाहीत, पण कोणाच्या मीटरखालची वायर काळी पडलीय ते पाठ आहे. मी आयटीआयचा वायरमन. थोडंफार नळकामही करतो, कारण आपल्याकडे ट्यूब बदलायला गेलो की वहिनी म्हणतातच, "आला आहात तर तो नळ पण बघा ना."

आज मला माझी एक चूक सांगायची आहे. मावशींची परवानगी घेतली आहे.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्या सोसायटीतल्या एका मावशींनी निरोप धाडला. स्वयंपाकघरातली ट्यूब लागत नाही, स्टार्टर बदलून दे. तेव्हा शहाद्यात एका बंगल्याचं वायरिंग धरलेलं, आठशे रुपये रोज. मी म्हटलं, उद्या येतो. हा उद्या अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी मावशी स्वतः स्टुलावर चढल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. मी भेटायला गेलो तर त्याच मला म्हणतात, "दहा रुपयाच्या कामाला तुला कशाला त्रास द्यायचा म्हणून मीच चढले रे." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता हिशेब बघा. स्टार्टर दहा-पंधरा रुपयांचा, काम पाच मिनिटांचं. पण हातातलं काम सोडून यायचं, शिडी आणायची, परत जायचं, यात तास जातो. आठशे रुपये रोज म्हणजे तासाचे शंभर. वर पेट्रोल. म्हणजे दीडशेच्या आत मला घरचेच घालावे लागतात. हे मावशींना माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या विचारायच्या, "किती झाले?" मी म्हणायचो, "द्या काय द्यायचं ते." त्या वीस द्यायच्या, चहा द्यायच्या. मी तोंडावर हसायचो आणि पुढच्या वेळी उद्या म्हणायचो. दीडशे सांगितले असते तर त्यांनी दिले असते. तेवढ्यासाठी स्टुलावर चढणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

हे "द्या काय द्यायचं ते" कुठून आलं, यावर मी बराच विचार केलाय. आपल्या आज्या-पणज्यांच्या गावात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना एकेका कामाचे पैसे नव्हते. वर्षभर नांगर नीट करा, पाभर नीट करा, सुगीला खळ्यावर बलुतं घ्या. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात याचं सविस्तर वर्णन आहे. एका परीने सोय होती, लहान काम म्हणून कोणी टाळायचं नाही. पण किती द्यायचं ते खळ्याचा मालक बघणार, आणि काम जातीने गळ्यात पडलेलं, नाही म्हणायची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं, त्यात बलुत्याच्या जागी रोख मोबदला हा मोठा मुद्दा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतनं गेली. खळं गेलं, बलुतं गेलं, पण आमच्या तोंडातलं ते वाक्य काही गेलं नाही.

न्हावीदादा मात्र आमच्यापेक्षा शहाणे निघाले. आज कुठल्याही सलूनमध्ये जा, भिंतीवर दरपत्रक आहे. कटिंग इतके, दाढी इतके. कोणाला वाटतं का त्यात कमीपणा आहे? रिक्षाचंही तेच. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. शंभर पावलांवर उतरलात तरी २६. त्यावरून कोणी भांडत नाही, कारण आकडा आधीच ठाऊक असतो.

माझे कारागीर मित्र म्हणतात, "आप्पा, चांगल्या कारागिराला पाटी लागत नाही. आणि वस्तू उघडल्याशिवाय दर कसा सांगायचा?" पहिलं मला पटत नाही. पाटी नसेल तर नवीन भाडेकरूने, एकट्या म्हाताऱ्या माणसाने कोणाला विचारायचं? दुसरं निम्मं खरं आहे. भिंतीतली वायर जळाली असेल तर बघितल्याशिवाय आकडा सांगणारा खोटं बोलतो. पण वॉशर, स्टार्टर, पंख्याचा रेग्युलेटर, फ्लशचा फ्लोट, यात बघायचं काय? पुण्यात मुलाकडे गेलो तेव्हा त्याने मोबाईलवर नळवाला बोलावला, दर आधीच दिसत होता. मी त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, हातात किती पडतात? कंपनीचा वाटा जातो म्हणाला. आपल्या पुरुषोत्तमनगरला ती कंपनी यायची नाही, म्हणजे तो वाटा वाचला!

तुमच्याकडूनही एक तक्रार असते, पाच मिनिटांचे दीडशे कसले? भाऊ, तुमच्यातले कितीतरी जण साखर कारखान्यात काम केलेले. गाळप चालू असताना एक फ्यूज उडाला तर त्याची किंमत फ्यूजच्या भावाने धरता का?

तरीही दरवेळी दीडशे जड आहेत, हे मान्य. म्हणून कमिटीशी बोलून एक वही केली आहे. किरकोळ काम असेल ते वहीत लिहायचं. रविवारी सकाळी मी, किंवा मी ज्या पोराला शिकवतोय तो, एकच फेरी करणार. येण्याचे दीडशे त्या दिवशीच्या सगळ्या घरांत वाटून, वर प्रत्येक कामाचा दर आणि सामानाची पावती. तीन घरं असली तर येण्याचे पन्नास-पन्नास पडतील. घाई असेल आणि मधल्या वारी बोलावलंत तर पूर्ण दीडशे. अंधार, करंट, वाहतं पाणी याला रविवारची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. दर नोटीस बोर्डावर लावलेत. जास्त वाटले तर तोंडावर सांगा, पण काम झाल्यावर नको, आधी सांगा.

वही वॉचमनच्या टेबलावर दोऱ्याने बांधून ठेवली आहे. पेनही बांधलंय, आपली माणसं मला माहीत आहेत. पहिली नोंद मावशींचीच आहे: बाथरूमचा नळ, वॉशर. शेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, "दर वाचला. रविवारी नक्की ये."