किसोच्या जुन्या वाटेवर



जपानमध्ये एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारे दोन प्रमुख राजमार्ग होते. एक बव्हंशी समुद्रकाठाने जाई, दुसरा डोंगरांतून. हा दुसरा नाकासेन्दो. सुमारे ५३० किलोमीटरांच्या या मार्गावर ६९ मुक्कामाची गावे होती. त्यांपैकी किसो खोऱ्यातील मागोमे व त्सुमागो यांमधील आठेक किलोमीटरांची वाट आजही पायी चालता येते. मागोमेची दगडी फरसबंदी चढून गेले, की सुमारे ८०० मीटर उंचीवरील खिंड लागते. पलीकडे हिनोकी वृक्षांची गर्द छाया. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून जागोजागी घंटा टांगल्या आहेत. वाटसरू त्या वाजवीत पुढे जातो.

१९११ साली खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली आणि या वाटेची रहदारी आटली. त्सुमागो रेल्वेपासून दूर पडले. तरुण पोटासाठी शहरांकडे गेले. तथापि नवी घरे बांधण्याची ऐपत नव्हती, म्हणूनच जुनी घरे उभी राहिली! १९६८ साली त्यांचा जीर्णोद्धार आरंभिला गेला आणि १९७१ साली ग्रामस्थांनी आपली सनद केली : घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, मोडावयाचे नाही. १९७६ साली गावास सरकारी संरक्षण मिळाले.

मागोमेचे नशीब निराळे. १८९५ च्या आगीत ते जळाले. कादंबरीकार शिमाझाकी तोसोन यांचे वडिलोपार्जित घरही त्यात गेले. १८७२ साली येथेच जन्मलेल्या तोसोन यांनी पुढे वडिलांच्या जीवनावर ‘योआके माए’, म्हणजे ‘पहाटेपूर्वी’, ही बृहद् कादंबरी लिहिली. जळालेले मागोमे तीत नांदते आहे.

मित्रहो, वारसा राखण्याच्या या दोन रीती. त्सुमागोने वास्तू राखली. मागोमेने शब्दांत जपली. आपणांपैकी बहुतेकांचे वाडे मागे राहिले, काही पडलेही. येथे आपणांजवळ उरली आहे ती भाषा. घर कुलूप लावून काही काळ टिकते. भाषा मात्र मुलांच्या तोंडी रुळली नाही, तर एका पिढीत मिटते. ‘विकणार नाही, मोडणार नाही’ ही शपथ आपणही घ्यावी; पण तिसरे कलम आपले आपण लिहावे : बोलल्यावाचून राहणार नाही.