वेगवर्धक

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



मराठीचा अध्यापक शताब्दीच्या व्यासपीठावर उभा राहिला की संतवाङ्मय किंवा मराठीचे भवितव्य यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशी मनाची तयारी करूनच आपण आला असाल. मी मात्र आज अमेरिकेतल्या तीन तरुण उद्योजकांची हकीकत सांगणार आहे. याला कारण माझा एक विद्यार्थी. त्याने एकदा वर्ग सुटल्यावर विचारले, ‘सर, अॅक्सिलरेटरला मराठीत काय म्हणायचं?’ मी अध्यापकी तत्परतेने उत्तर दिले, ‘वेगवर्धक.’ शब्द देऊन मोकळा झालो. पण वस्तू काय आहे हे मला ठाऊक नव्हते. ते वाचून काढले, तेव्हा लक्षात आले की शब्द व्याकरणात बसतो, अनुभवात बसत नाही.

अॅक्सिलरेटर ही नवउद्योजकांची अल्पमुदतीची शाळा. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल या चौघांनी २००५ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ‘वाय कॉम्बिनेटर’ नावाची अशी शाळा काढली. पुढे ती कॅलिफोर्नियात स्थिरावली. तीन महिन्यांची मुदत, थोडेसे भांडवल, त्याच्या मोबदल्यात कंपनीतला लहानसा हिस्सा, आठवड्यातून एकदा सर्वांचे सहभोजन, मार्गदर्शकांशी समोरासमोर बोलणे आणि अखेरीस गुंतवणूकदारांपुढे सादरीकरण, एवढाच तिचा अभ्यासक्रम. परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही.

२००९ च्या जानेवारीत या शाळेत ब्रायन चेस्की, जो गेबिया आणि नेथन ब्लेचार्झिक दाखल झाले. पहिले दोघे कलाशाळेतून शिकलेले रचनाकार, तिसरा संगणकतज्ज्ञ. त्यांच्या उद्योगाचा जन्म घरभाड्याच्या विवंचनेतून झाला होता. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत रचनाकारांची परिषद भरली, हॉटेले भरून गेली, आणि चेस्की व गेबिया यांनी आपल्या बिऱ्हाडात हवेच्या गाद्या घालून तीन पाहुणे पैसे घेऊन ठेवले. त्या तिघांत एक भारतीय तरुण होता. घरातली रिकामी जागा प्रवाशाला भाड्याने देता यावी, अशी सोय करणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीचे ते बीज.

बीज रुजायला मात्र तयार नव्हते. २००८ च्या जूनमध्ये त्यांची सात गुंतवणूकदारांशी गाठ घालून दिली गेली. पाचांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिले नाही. क्रेडिट कार्डांवरचे कर्ज वाढत होते. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. या पठ्ठ्यांनी ओबामा आणि मकेन यांच्या नावांची गमतीदार खोकी तयार केली, स्वतःच्या हातांनी चिकटवली, त्यांत बाजारातले न्याहारीचे सीरियल भरले आणि एकेक खोके ४० डॉलरना विकून सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. प्रवेशाच्या मुलाखतीत ग्रॅहम यांना परक्याच्या घरी झोपण्याची कल्पना मुळीच रुचली नव्हती. निघता निघता गेबियाने त्यांच्या हाती त्यातले एक खोके ठेवले, आणि त्यामागची गोष्ट ऐकून त्यांचे मत पालटले. इतक्या चिवट माणसांचा धंदा सहजी बुडणार नाही, असे त्यांना वाटले. तिघांना प्रवेश मिळाला, सोबत २०,००० डॉलर भांडवल मिळाले.

आता या वेगवर्धक शाळेत त्यांना काय शिकवले गेले ते पाहा. त्यांची आठवड्याची प्राप्ती तेव्हा सुमारे २०० डॉलर होती. ती १,००० डॉलरवर नेण्याचे ध्येय ठरले आणि त्याचा आलेख त्यांनी स्नानगृहातल्या आरशावर चिकटवला. दात घासतानाही तो दिसावा! मग ग्रॅहम यांनी विचारले, तुमचे ग्राहक आहेत कुठे? उत्तर होते, बहुतेक न्यूयॉर्कमध्ये. मग तुम्ही इथे काय करता? तिकडे जा, असा त्यावर सल्ला मिळाला.

ते गेले. यजमानांच्या घरी उतरले, त्यांच्याशी बोलत बसले. तेव्हा उमगले की लोक आपल्या घरांची छायाचित्रे अंधूक, वेडीवाकडी काढतात; ती पाहून कोण तिथे राहायला धजावेल? त्यांनी चांगला कॅमेरा भाड्याने घेतला आणि दारोदार फिरून स्वतः छायाचित्रे काढली. संगणकावर एका कळीने लाखांपर्यंत पोचण्याच्या काळात ही माणसे एकेका घराचा जिना चढत होती. आठवड्याभरात प्राप्ती दुप्पट झाली. पुष्कळांना बरे वाटण्यापेक्षा थोड्यांना मनापासून आवडणे मोलाचे, हा त्या शाळेचा मुख्य धडा. आणि थोड्यांना काय आवडते हे त्यांच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. एप्रिल २००९ मध्ये त्यांना सिकोया कॅपिटलकडून मोठे भांडवल मिळाले आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. या व्यवसायामुळे शहरांतली राहती घरे पर्यटकांकडे जातात, रहिवाशांची भाडी वाढतात, अशी तक्रार जगभर झाली. ज्या न्यूयॉर्कमध्ये ते जिने चढले, तिथेच सप्टेंबर २०२३ पासून अशा अल्पमुदतीच्या भाड्यावर कडक नियम लागू झाले. शिवाय अशा शाळांतून बाहेर पडणाऱ्या कितीतरी उद्योगांची नावेही कुणाच्या कानावर येत नाहीत. म्हणून मी कंपनीची थोरवी गात नाही. मला मोह आहे तो त्या जिन्याचा.

आणि श्रोतेहो, बडोद्याला हा धडा परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालांना इथे आणले. त्यानंतर या संस्थानात फिरती ग्रंथालये सुरू झाली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव रवाना होत. वाचक येईल तेव्हा येईल असे म्हणत कपाटाला कुलूप घालून बसणे त्या व्यवस्थेला मान्य नव्हते. पुस्तकानेच पुढे व्हावे आणि वाचकाचे दार ठोठवावे, अशी ती रीत होती.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला संकोच होतो. मी या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर काही वर्षे होतो. सभासद घटत होते. दर सभेत आम्ही त्यावर चर्चा करत असू. दूरदर्शन, मोबाइल, इंग्रजी शाळा यांना यथास्थित दोष देऊन चहा घेत असू. गेल्या वर्षी बाजारात एक वृद्ध बाई भेटल्या. एकेकाळी दर शनिवारी पुस्तक बदलायला येत. मी विचारले, ‘काकू, हल्ली दिसत नाही?’ त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘यजमान गेले त्या गडबडीत पुस्तक राहिलं घरीच. नंतर तुमचं कार्ड आलं दंडाचं. लाज वाटली हो. मग नाहीच आले.’

त्या पोस्टकार्डावर सही माझी होती.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पुस्तक वर्तमानपत्राचे वेष्टन घालून नीट जपून ठेवलेले होते. दंड भरण्यापुरते पैसेही त्यांनी शेजारी मोजून ठेवले. ते मी घेतले नाहीत. निघताना त्यांनी विचारले, ‘दुसरं आणून द्याल का? आता जिना होत नाही माझ्याने.’ इतकी वर्षे आम्ही वाचक का घटले याची चर्चा करत होतो, आणि उत्तर आमच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या घरात बसले होते. तेव्हापासून दर शनिवारी मी एक पिशवी घेऊन निघतो. आज त्या पिशवीत सात घरांची पुस्तके असतात. सात हा आकडा शताब्दीच्या अहवालात शोभणारा नाही, हे मला कळते.

तरीही माझी आपल्याला एकच विनंती आहे. सभासदांच्या जुन्या नोंदवहीतून प्रत्येकाने येणे थांबलेल्या पाचांची नावे उतरवून घ्यावीत आणि त्यांच्या घरी जावे. वर्गणी मागायला नव्हे, दंड तर नव्हेच, नुसते विचारायला. काही दारे उघडणार नाहीत, काही घरांत आता ती माणसेही नसतील. पण जी असतील, ती आपल्याला पुढच्या वाटचालीचा अभ्यासक्रम सांगतील.

माझ्या विद्यार्थ्याला मी अजून दुसरा शब्द दिलेला नाही. चांगला सुचला तर आपणही मला कळवावा. शनिवारी मी वाटेत भेटेनच.