यंत्राचा दुभाषी

श्रोतेहो, स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर एक कानडी पाहुणा मराठी चिठ्ठी घेऊन उभा आहे, असं समजा. दुभाषी ओळ वाचील, अर्थ सांगील. पुन्हा विचारलं की पुन्हा तितकाच वेळ. हा इंटरप्रिटर. सगळी चिठ्ठी एकदाच कानडीत लिहून देणारा तो कंपायलर.

१९८४ साली ‘क्लास’ योजनेतून देशातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. स्मृती अवघी ३२ किलोबाइट! त्यांची बेसिक भाषा दुभाष्याच्या तोंडूनच चाले.

तिसरी वाट बाइटकोडची. १९७९च्या अ‍ॅपल पास्कलमध्ये कंपायलर आज्ञांच्या आटोपशीर खुणा करी, दुभाषी त्या भराभर वाची. जागा वाचे, यंत्र बदललं तर दुभाषी तेवढा बदलायचा.

गुरुजनहो, मुलांना आधी विचारा: काम एकदाचं, की शंभरदाचं? त्यावरून वाट ठरते, बरं का!