टेकडी एकदां गेली म्हणजे

भूगोल शिकवितांना मीं वर्गांत नकाशे पुष्कळ टांगले. परंतु पुणें कसें वसलें हें मुलांना उमगलें तें वेताळ टेकडीवर नेल्यावरच. शहरांतील हा सर्वांत उंच माथा. येथून मुठेचें खोरें डोळ्यांपुढें पसरतें. ह्या काळ्या खडकाच्या फटींतून पावसाचें पाणी मुरतें आणि पायथ्याच्या विहिरींना पोंचतें. खडक फोडून उतार बांधून काढला, कीं तेंच पाणी रस्त्यांवरून वाहूं लागतें.

ह्याच टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा असा सुमारें दोन किलोमीटरांचा रस्ता आणि तिच्या पोटांतून बोगदे काढण्याची योजना पुढें आली, तेव्हां एप्रिल २०२३ मध्यें नागरिक मोठ्या संख्येनें तिच्या रक्षणासाठीं पायीं निघाले.

विधि महाविद्यालय रस्त्यावरील गर्दी खोटी नव्हे. तींत मीहि अडकतों. परंतु गर्दीवर बसगाड्या वाढविणें हा उपाय करून पाहतां येतो, आणि तो चुकला तर बदलतां येतो. फोडलेली टेकडी मात्र कोणत्याहि अंदाजपत्रकांतून पुन्हां उभी राहत नाहीं.

म्हणून विनंती एवढीच: येत्या रविवारीं घरांतील एका मुलास घेऊन टेकडी चढा. विकास आराखड्यांतील बदलांवर हरकती मागविल्या जातात, तेव्हां मुदतींत दोन ओळी लिहून पाठवा. गप्प राहिलेल्यांचें मत संमतीच्या खातींच जमा होतें.