बिगरनोंदीची मासळी

सोमेश्वरनगरच्या परिसरात ऊस लावला की पहिलं काम असतं नोंदीचं. क्षेत्र किती, जात कोणती, लागणीची तारीख काय, हे एकदा कारखान्याच्या शेतकी खात्यात लिहिलं गेलं की शेतकरी निर्धास्त होतो. तोड त्या तारखेप्रमाणे येते, गाडी काट्यावर चढते, वजनाची पावती हातात पडते. ज्याचा ऊस बिगरनोंदीचा, त्याची हंगामात काय धावपळ होते, ते इथल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. आज बोलायचं आहे ते अशा एका पिकाबद्दल, ज्याची लागणही कुणी लिहीत नाही आणि तोडही अर्धीमुर्धीच लिहिली जाते. ते पीक म्हणजे मासळी.

जगभर या प्रश्नाला तीन विशेषणं लावली जातात: बेकायदा, नोंद न झालेली आणि नियमनाबाहेरची मासेमारी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समुद्रातून अशी मासळी वर्षाला किती निघत असावी याचा अंदाज मांडला होता. तो होता एक कोटी दहा लाख ते दोन कोटी साठ लाख टन. या दोन आकड्यांतलं अंतर बघा. जे मोजलंच नाही, त्याचा अंदाज असाच असायचा.

आपल्या राज्याला सातशेवीस किलोमीटरचा किनारा आहे, असं आपण शाळेत शिकलो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तिच्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. जून-जुलैत यांत्रिक नौका बंदरात उभ्या राहतात, ती बंदी बहुतेकांना ठाऊक असते. खरा झगडा मात्र उरलेल्या दहा महिन्यांतला. पर्ससीन नावाचं जाळं असतं. माशांचा थवा दिसला की त्याच्याभोवती पडद्यासारखं जाळं फिरवायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर ओढायचा. थवाच्या थवा आत. रापण किंवा साध्या जाळ्यावर जगणाऱ्याला मग काय उरणार? डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरवलं आणि या जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. त्यात भर पडली ती प्रखर एलईडी दिव्यांची. रात्री नौकेवर जनरेटर लावून दिवे पेटवायचे, उजेडाकडे मासे गोळा झाले की जाळं टाकायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीवर बंदी घातली.

बंदी आली, पण दिवे पूर्ण विझले नाहीत. याचं एक कारण अगदी कचेरीतलं आहे. पूर्वी पकडलेल्या नौकेचा खटला तहसीलदारांपुढे चाले. ज्यांच्या टेबलावर टंचाई, निवडणुका आणि जमिनीचे दावे, तिथे मासळीच्या खटल्याचा नंबर कधी लागणार? दंडही असा, की तो एका फेरीत वसूल व्हावा. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आला आणि एलईडी मासेमारीचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत गेला. २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला गेला. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, असं त्यात आहे. याच पापलेटला त्याच वर्षी राज्यमासा केलं. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू झाली.

हे सगळं लांबच्या किनाऱ्याचं झालं, असं वाटत असेल तर जरा इंदापूरकडे वळू. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचा फुगवटा पळसदेव, भिगवण, कुंभारगावपर्यंत पसरला. गावं उठली, जमिनी गेल्या आणि भोई समाजाच्या जोडीला धरणग्रस्तांतले कितीतरी जण होडी आणि जाळ्याकडे वळले. (आपल्या नीरेचं पाणी या जलाशयात येत नाही, बरं का. ती धरणाच्या खाली नरसिंहपूरला भीमेला मिळते. पण उजनीचा मासा आपल्या बाजारात येतो.) इंदापूर बाजार समितीच्या भिगवणच्या बाजारात मासळीचे लिलाव होतात, तिथून माल लांबलांब जातो. समुद्र नाही, पण व्यापारी मासेमारीच ही. आणि दुखणंही तेच.

जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. आस मोठा असला की लहान मासा निसटतो, वाढतो, अंडी घालतो. उजनीत वर्षानुवर्षं तक्रार आहे ती बारीक आसाच्या जाळ्यांची. असं जाळं ओढलं की रोहू, कटल्याची बोटबोट लांबीची पिल्लंही वर येतात. समजा, एक पिल्लू दहा ग्रॅमचं. किलोभर मालात शंभर पिल्लं झाली. त्या किलोला भाव तो किती! त्यातली ऐंशी मेली आणि वीसच वाढली, तरी वर्ष-दीड वर्षात किलो-किलोचे वीस मासे झाले असते. म्हणजे एक किलो विकून वीस किलो घालवले. उसाचं बेणंच गुऱ्हाळात घालण्याचा हा प्रकार.

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यात वर्षातून एकदा वितात. त्यांना वेळ लागतो. उलट आपल्याकडे जिला चिलापी म्हणतात, ती तिलापिया. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली ही माशाची जात. ती वर्षातून अनेकदा वीत सुटते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. सगळ्यांवर सारखंच जाळं फिरलं तर टिकणार कोण, ते उघड आहे. भिगवणला चिलापीचे ढीग दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. गढूळ आणि दूषित पाणी हे दुसरं.

अशी जाळी टाकणारा कोण, म्हटलं की बोट बहुधा परप्रांतीयांकडे जातं. बाहेरून आलेल्या टोळ्या असतात, नाही असं नाही. पण त्यांना होडी कोण देतं, जाळं कोण देतं, माल कोण उचलतो? ऊसतोड मजुराला जशी उचल दिली जाते, तशी मासेमारीतही दिली जाते, आणि उचल घेतलेला माणूस मासा किती मोठा आहे हे बघत बसत नाही. देणं फिटेपर्यंत तो जाळं ओढतो. रात्री धाड पडली की जाळं जळतं त्याचं आणि खटला होतो त्याच्यावर. उचल देणारा दुसऱ्या दिवशी दुसरं जाळं आणतो. किनाऱ्यावरही तांडेल आणि खलाशी पकडले जातात, मालक पुष्कळदा घरी असतो.

म्हणून माझं मत असं आहे, की गस्त हवीच, पण मासळी पकडायची खरी जागा पाण्यात नाही, ती काट्यावर आहे. शेकडो चौरस किलोमीटर पाण्यावर किती होड्या फिरवणार? मासा मात्र कुठेतरी वजनाला येतोच. लिलावात वजन आणि भाव तर लिहावाच लागतो. त्याच पट्टीवर परवान्याचा क्रमांक, माशाची जात आणि माल लहान आहे की वाढलेला, एवढं आलं पाहिजे. लहान मासा घेणारा व्यापारी हा विकणाऱ्याइतकाच जबाबदार धरला पाहिजे. आडत्यांना हे रुचणार नाही, हेही खरं. काट्यावर न जाता पहाटे काठावरच टेम्पोत भरला जाणारा माल यात सापडणार नाही, अशी शंका कुणी काढेल. पण रस्त्यावर टेम्पोची पावती तपासणं हे रात्री जलाशयात जाळं शोधण्यापेक्षा नक्कीच सोपं आहे.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा या सवलतींची दारं त्यामुळे उघडतील, अशी आशा आहे. पण शेतकऱ्याचं नुकसान झालं की तलाठी येतो, सातबारा बघतो, पीकपाहणी बघतो. उद्या जलाशयात प्रदूषणाने मासे मरून वर आले, तर भोई बांधवाने दाखवायचं काय? गेल्या वर्षी अमुक क्विंटल मासा धरला, याचा कागद त्याच्याजवळ नाही. मत्स्यबीज किती सोडायचं याचा हिशेबही किती मासा निघाला यावरच बसवायचा असतो. मोठ्या आसाचं जाळं वापरून, परवाना काढून, नियमाने मासे धरणाऱ्याचं पीकसुद्धा आज बिगरनोंदीचंच राहतं, ते असं.